पुस्तकं कोणती, किती आणि कोणत्या सालची?

अमेरिकेत दंतवैद्यकीचा परवाना प्रत्येक राज्याचं डेंटल बोर्ड देतं. लेखी परीक्षा मात्र सगळ्या देशासाठी एकच आहे. इंटिग्रेटेड नॅशनल बोर्ड डेंटल एक्झामिनेशन हे तिचं पूर्ण नाव. परीक्षार्थींच्या बोलण्यात ती ‘आयएनबीडीई’ असते, किंवा नुसती ‘बोर्ड्‌स’. अमेरिकन डेंटल असोसिएशनशी जोडलेलं जॉइंट कमिशन ती घेतं. 1 ऑगस्ट 2020 रोजी ती सुरू झाली. त्याआधी तिचे दोन भाग होते. पहिल्या भागात शरीररचना, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र असे पायाभूत विषय, तर दुसऱ्यात क्लिनिकल विषय. 2022 साल संपेपर्यंत ते दोन्ही भाग इतिहासजमा झाले.

अमेरिकन विद्यार्थी ही परीक्षा कॉलेजच्या शेवटच्या काळात देतो, म्हणजे रोज पेशंट तपासत असताना. भारतातून बीडीएस झालेल्याला बहुतेक राज्यांत परवान्याआधी तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजात दोन ते तीन वर्षांचा ॲडव्हान्स्ड स्टँडिंग अभ्यासक्रम करावा लागतो, आणि त्या प्रवेशाच्या अर्जासोबतच बहुतेक कॉलेजं आयएनबीडीईचा निकाल मागतात. ज्या परीक्षेशी अमेरिकन मुलाचं शिक्षण संपत येतं, तिच्यापासून मराठी मुलीचं तिथलं शिक्षण सुरू होतं.

मराठी मुलीचं असं म्हणायला कारण आहे. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्यातलं बांबोळी इथून बाहेर पडलेल्या आणि लग्नानंतर एच-4 व्हिसावर न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात गेलेल्या दंतवैद्य मुली या परीक्षार्थींमध्ये सहज भेटतात. कोणाला इंटर्नशिप संपवून चार वर्षं झालेली असतात, कोणाला आठ. मूल झोपलं की अभ्यास, ते उठलं की पुस्तक बंद. दुसरा गट इथेच राहून तयारी करणारा: सकाळी कोणाच्या तरी क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून काम, रात्री लॅपटॉप. दोघांपुढे पहिल्या दिवशी एकच प्रश्न असतो, ‘काय वाचू?’ आणि बाजारातलं बहुतेक साहित्य तर कालच रूट कॅनाल केलेल्या, चोवीस-पंचवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याला डोळ्यापुढे ठेवून बनवलेलं असतं. साधनांच्या निवडीतल्या निम्म्या चुका इथेच होतात. दुसऱ्याला पुरलेलं साधन आपल्यालाही पुरेल, असं गृहीत धरलं जातं.

उत्तीर्ण म्हणजे उत्तीर्ण

परीक्षा दोन दिवसांची, एकूण 500 प्रश्नांची. पहिल्या दिवशी प्रत्येकी 100 सुट्या प्रश्नांचे तीन विभाग आणि मग पेशंटच्या केसवर आधारलेले 60 प्रश्न. दुसऱ्या दिवशी प्रत्येकी 70 प्रश्नांचे दोन विभाग, सगळे केसवर. प्रत्येक विभागाला 105 मिनिटं. म्हणजे सुट्या प्रश्नाला जेमतेम 63 सेकंद आणि केसच्या प्रश्नाला दीड ते पावणेदोन मिनिटं. त्यातच पेशंटची माहिती वाचायची, एक्स-रे पाहायचा, औषधांची यादी डोळ्यांखालून घालायची. पहिला दिवस मधल्या विश्रांत्या धरून सव्वाआठ तासांचा असतो. अभ्यासाच्या साधनांत बसण्याची सवय लावणारं काहीतरी असायला हवं, ते यासाठी.

निकालात गुण छापले जात नाहीत. 49 ते 99 च्या मोजपट्टीवर 75 ला उत्तीर्ण. ती रेषा ओलांडली की कागदावर फक्त ‘पास’ येतं. नापास झालेल्याला मात्र कोणत्या भागात किती कमी पडलं, ते कळवलं जातं. ही पद्धत आपल्याकडच्या पदवीधराच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. नीट-एमडीएसमध्ये एका प्रश्नाने रँक शेकड्याने सरकते. तिथे कोपऱ्यातली तळटीपही वाचणारा पुढे जातो, आणि पुस्तकांचा ढीग हीच सुरक्षितता वाटते. इथे स्पर्धा शेजाऱ्याशी नाही, एका ठरलेल्या रेषेशी आहे. 76 आणि 96 यांचा निकाल एकच. त्यामुळे दहा विषयांतला एक विषय अगदी पक्का करण्यापेक्षा, जो विषय कच्चा आहे तो रेषेवर आणणं जास्त मोलाचं. साधनं त्या हिशेबाने निवडावी लागतात. आपल्याला काय येत नाही, ते दाखवणारं साधन आधी घ्यायचं. येतं ते सुंदर करून सांगणारं नंतर, जमलं तर.

एक पेशंट, चार प्रश्न

केसचे प्रश्न ‘पेशंट बॉक्स’ नावाच्या चौकटीभोवती बांधलेले असतात. चौकटीत पेशंटचं वय-लिंग, मुख्य तक्रार, वैद्यकीय पूर्वेतिहास आणि आजच्या तपासणीत आढळलेल्या गोष्टी दिलेल्या असतात. नमुना म्हणून अशी एक चौकट रचून पाहू. 58 वर्षांचा पुरुष. तक्रार: खाली डावीकडची दाढ हलते, हिरडीतून रक्त येतं. पूर्वेतिहास: चार वर्षांपूर्वी हृदयात कृत्रिम झडप बसवली, टाइप 2 मधुमेह, वॉरफरिन आणि मेटफॉर्मिन चालू. पेनिसिलिन घेतल्यावर एकदा अंगभर गांधी उठून घसा सुजला होता. तपासणी: रक्तदाब 138/84, एचबीए1सी 8.2 टक्के, दात क्रमांक 19 ला सात मिलिमीटरचा पॉकेट, एक्स-रेत हाडाची झीज मुळाच्या मधल्या तिसऱ्या भागापर्यंत.

आता प्रश्न. स्केलिंगआधी कोणतं प्रतिजैविक? 2015 च्या सुमाराचं कोणतंही रिव्ह्यू पुस्तक उघडलं, तर पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठी क्लिंडामायसिन 600 मिलिग्रॅम हे ठसठशीत उत्तर मिळतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2007 च्या शिफारशीत ते होतंच. 2021 च्या सुधारित निवेदनात मात्र त्याच संस्थेने क्लिंडामायसिन वगळलं, कारण त्याने होणारे आतड्याचे गंभीर विकार इतर पर्यायांपेक्षा जास्त आढळले. सेफॅलेक्सिन पर्यायांत आहे, पण ज्याला पेनिसिलिनने गांधी उठल्या, घसा सुजला त्याला ते देत नाहीत. राहतं अझिथ्रोमायसिन 500 मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम, उपचाराच्या अर्धा ते एक तास आधी.

हिरड्यांच्या आजाराचं निदान काय? जुनं पुस्तक ‘क्रॉनिक पेरिओडोंटायटिस’ म्हणेल. ते वर्गीकरण 1999 चं. 2017 च्या जागतिक कार्यशाळेत ते बदललं आणि 2018 मध्ये नवं प्रसिद्ध झालं. आता आजाराची तीव्रता स्टेज 1 ते 4 मध्ये आणि वाढीचा वेग ग्रेड ए, बी, सी मध्ये सांगतात. या पेशंटच्या हाडाची झीज त्याला स्टेज 3 कडे नेते आणि मधुमेहात एचबीए1सी 7 किंवा त्याहून जास्त असल्यामुळे ग्रेड सी लागतो. रक्तदाबाचं काय? जुन्या वर्गवारीत 138/84 म्हणजे ‘प्रीहायपरटेन्शन’. 2017 च्या अमेरिकी मार्गदर्शिकेनुसार 130/80 पासूनच पहिल्या टप्प्याचा उच्च रक्तदाब सुरू होतो.

एकाच माणसाबद्दलच्या तीन प्रश्नांची उत्तरं जुन्या पुस्तकाने चुकवली. चौथा प्रश्न वॉरफरिनचा: कृत्रिम झडप असलेल्या माणसाचं वॉरफरिन दंतवैद्याने परस्पर बंद करायचं नसतं, आयएनआर पाहून स्थानिक उपायांनी रक्तस्राव आटोक्यात ठेवायचा असतो. हे उत्तर जुन्या-नव्या दोन्ही पुस्तकांत तेच मिळतं. साधन पारखण्याची इतकी सोपी कसोटी दुसरी नाही. एखादी क्वेश्चन बँक, नोट्स किंवा क्लास घेण्याआधी क्लिंडामायसिन आणि स्टेज-ग्रेड या दोनच गोष्टींबद्दल तिथे काय म्हटलं आहे ते पाहावं. दोन्ही जुन्या असतील, तर बाकीचंही कोणी तपासलेलं नाही असं खुशाल समजावं.

त्याच चौकटीत एक लहानसा सापळा आहे: दात क्रमांक 19. भारतात दोन आकडी एफडीआय पद्धतीने याच दाढेला 36 म्हणतात. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून 1, 2, 3 असं मोजत वर 16 पर्यंत आणि मग खाली डावीकडून उजवीकडे 17 ते 32 पर्यंत जातात. दुधाच्या दातांना ए ते टी अशी अक्षरं. गोंधळ परक्या आकड्याने होत नाही, ओळखीच्या आकड्याने होतो. 14 म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यापुढे वरचा उजवा पहिला प्रीमोलर येतो. अमेरिकी मोजणीत ती वरची डावी पहिली दाढ. औषधांचंही तसंच. त्रिपाठींच्या फार्माकॉलॉजीत लिग्नोकेन, ॲड्रिनॅलिन, पॅरासिटॅमॉल, साल्ब्युटॅमॉल वाचलेल्याला तिथे लिडोकेन, एपिनेफ्रिन, ॲसिटॅमिनोफेन, अल्ब्युटेरॉल भेटतात. माहीत सगळं असतं, पण 63 सेकंदांत भाषांतर करायला वेळ नसतो. म्हणून सरावाचं मुख्य साधन अमेरिकी नावं आणि आकडे वापरणारंच हवं. जुन्या नोट्सवर विसंबून ही सवय लागत नाही.

प्रत्येक साधनाचं काम वेगळं

पहिलं साधन फुकट आहे आणि तेच सर्वांत कमी वाचलं जातं. परीक्षा घेणारं कमिशन स्वतः परीक्षार्थींसाठी मार्गदर्शिका, प्रश्नपत्रिकेचा आराखडा आणि नमुना प्रश्न प्रसिद्ध करतं. आराखड्यात 56 क्लिनिकल क्षेत्रं आणि त्यांच्याखाली 10 पायाभूत ज्ञानक्षेत्रं आहेत, प्रत्येकाचं वजन दिलेलं आहे. क्लिनिकल क्षेत्रांचे तीन गट असे: निदान व उपचार-नियोजन 36.2 टक्के, मुखआरोग्याचं व्यवस्थापन 42 टक्के, व्यवसाय व व्यावसायिक वर्तन 21.8 टक्के. ‘ॲनाटॉमी किती येते?’ हा प्रश्न ग्रुपवर विचारण्याआधी हा आराखडा छापून भिंतीला लावावा. शरीररचना स्वतंत्र विषय म्हणून येत नाही. खालच्या दाढेला भूल देताना सुई कुठे गेली म्हणून चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, अशा रूपात येते.

कॉलेजातली जाड पुस्तकं, शेफर, कॅरान्झा, स्टर्डेव्हंट, प्रॉफिट, त्रिपाठी, टाकून देण्यासारखी नक्कीच नाहीत. पण ती पहिल्या पानापासून वाचायला घेणं ही या परीक्षेसाठीची सर्वांत महाग चूक आहे, कारण त्यात महिने जातात. त्यांचं काम शब्दकोशाचं: क्वेश्चन बँकेतलं स्पष्टीकरण कळलं नाही, तर तेवढं प्रकरण उघडायचं आणि मिटायचं. बीडीएसच्या परीक्षांनी दीर्घोत्तरं आणि टिपा लिहायला शिकवलेलं असतं. ‘अमेलोब्लास्टोमावर टीप लिहा’ म्हटलं की सहा उपशीर्षकं हातातून उतरतात. इथे एका एक्स-रेवरून चार गाठींमधली एक ओळखायची असते. वाचलेलं ज्ञान तेच, पण ते बाहेर काढण्याची दिशा उलटी.

मॉस्बीज रिव्ह्यू आणि फर्स्ट एड ही मधल्या उंचीची पुस्तकं वर्षानुवर्षं हातोहात फिरली. दोन्ही जुन्या, दोन भागांच्या परीक्षेसाठी लिहिलेली. जीवरसायन, दातांची रचना, भ्रूणविज्ञान असा न बदलणारा मजकूर त्यांतून आजही निःशंक वाचावा. हिरड्या, औषधं, संसर्ग-प्रतिबंध यांसाठी त्यांचा भरवसा धरू नये. डेंटल डेक्स या प्रश्नोत्तरांच्या कार्डांचा उपयोग प्रवासात, रांगेत, मूल झोपवताना होतो. ज्यांना स्वतःची कार्डं करायला आवडतात ते अँकी हे मोफत ॲप वापरतात, जे चुकलेलं कार्ड लवकर आणि आलेलं कार्ड उशिरा परत दाखवतं.

व्हिडिओंमध्ये यूट्यूबवरची ‘मेंटल डेंटल’ ही मोफत मालिका भारतीय परीक्षार्थींत फार पाहिली जाते, आणि योग्य कारणासाठी. शिकवणं सुटसुटीत आहे आणि कॉलेज सोडून सहा वर्षं झालेल्याला विषयात परत यायला ती मदत करते. धोका एवढाच, की व्हिडिओ पाहताना सगळं समजतं. समजणं आणि आठवणं यांतला फरक सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये साध्या प्रयोगाने दाखवला. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. व्हिडिओ संपला की वही मिटून दहा ओळी आठवून लिहाव्यात, मगच पुढचा लावावा. 2013 मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा सरावचाचणी आणि अंतर ठेवून केलेली उजळणी या दोनच सर्वांत उपयुक्त ठरल्या. पिवळ्या पेनने ओळी रंगवणं आणि पुनःपुन्हा वाचणं तळाला गेलं.

म्हणूनच खर्च करायचाच तर तो क्वेश्चन बँकेवर. आयएनबीडीई बूटकॅम्प आणि आयएनबीडीई बूस्टर ही नावं सध्या सर्वाधिक ऐकू येतात. दोन्ही वर्गणीवर चालतात, दोन्हींत केसचे प्रश्न, मॉक परीक्षा आणि स्पष्टीकरणं आहेत. कोणती चांगली यावर रात्र-रात्र चर्चा होतात. त्या चर्चेतल्या वेळात दोनशे प्रश्न सोडवून होतात. पाहायचं ते इतकंच, की स्पष्टीकरणात बरोबर पर्याय का बरोबर हे आहेच, पण उरलेले तीन का चूक तेही लिहिलंय का. दुसरा भाग नसेल तर ती बँक घोकंपट्टी करवून घेते.

क्वेश्चन बँकेतून खरं पीक निघतं ते चुकांच्या वहीत. चांगल्या वहीचं एक पान असं दिसतं: डावीकडे ‘काय निवडलं’, मध्ये ‘का निवडलं’, उजवीकडे एकच ओळीचा नियम. ‘नायट्रस ऑक्साइड पहिल्या तिमाहीत चालेल असं वाटलं, कारण: पेशंट शांत करणं महत्त्वाचं वाटलं, नियम: तातडी नसेल तर गरोदरपणात टाळा, दुसऱ्या तिमाहीत नेहमीचे उपचार.’ मधला रकाना लिहायचा कंटाळा येतो, आणि तोच सर्वांत कामाचा आहे. महिन्याभरात कळतं, की निम्म्या चुका अज्ञानाच्या नसतात. प्रश्नातले ‘सर्वप्रथम काय कराल’ हे शब्द वाचलेलेच नसतात.

विसरला जाणारा पाचवा हिस्सा

व्यवसाय व व्यावसायिक वर्तन या भागाचं वजन जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतकं आहे, आणि भारतीय पदवीधराच्या कपाटात त्यासाठी एकही पुस्तक नसतं. इथे संमती, पेशंटची गोपनीयता, विमा, संशोधनाचे निष्कर्ष वाचणं, दवाखान्यातली सुरक्षितता हे विषय आहेत. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या आचारसंहितेतली पाच तत्त्वं, म्हणजे पेशंटची स्वायत्तता, अपाय न करणं, हित करणं, न्याय आणि सत्यनिष्ठा, नुसती पाठ असून भागत नाही. सतरा वर्षांच्या मुलीने आईला न सांगण्याच्या अटीवर काही सांगितलं, तर काय करायचं? पेशंटने कारण नसताना चांदीची सगळी फिलिंग काढून मागितली तर? 1996 चा हिपा कायदा गोपनीयतेबद्दल काय सांगतो, मेडिकेड कोणासाठी आणि मेडिकेअर कोणासाठी, हे तिथल्या विद्यार्थ्याला घरातल्या बोलण्यातून माहीत असतं. इथल्याला ते शिकावं लागतं.

फ्लोराइडचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त म्हणून दातांवर डाग पडतात, हाडं वाकतात. आपला विद्यार्थी ते पाण्यातून काढायचं कसं ते शिकतो. तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत तर नागपूरच्या नीरी या संस्थेनेच विकसित केली. अमेरिकेत 1945 साली ग्रँड रॅपिड्स शहराने दात किडू नयेत म्हणून पाण्यात फ्लोराइड घालायला सुरुवात केली. 2015 पासून तिथली शिफारस लिटरला 0.7 मिलिग्रॅमची आहे. इथल्या पुस्तकातून अभ्यास करणाऱ्याचं ज्ञान चूक नसतं, पण प्रश्न दुसऱ्याच पाण्याबद्दल असतो. या भागासाठी कमिशनचा आराखडा, असोसिएशनची आचारसंहिता (ती मोफत वाचता येते) आणि क्वेश्चन बँकेतले त्याच भागाचे प्रश्न एवढं पुरतं. पंधरा दिवसांत इतके प्रश्न हाती लागतील असा दुसरा भाग या परीक्षेत नाही.

टेलिग्रामवरचा खजिना

तयारी सुरू केल्याच्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतं. तिथे शेकडो पीडीएफ असतात: स्कॅन केलेली पुस्तकं, क्लासच्या नोट्स, कोणाच्या तरी हातच्या वह्या, आणि ‘रिकॉल’ या नावाने परीक्षेतून आठवून आणलेले प्रश्न. डॉलरची वर्गणी जड जाणाऱ्या मुलीला हा खजिना वाटतो, हे समजण्यासारखं आहे. पण त्यातल्या बहुतेक फाइलींवर साल नसतं. जुन्या भाग दोनची टिपणं नवं नाव लावून फिरतात, त्यात तेच क्लिंडामायसिन आणि तेच ‘क्रॉनिक पेरिओडोंटायटिस’ असतं. पुस्तकांच्या चोरीव प्रती वापरणं बेकायदा आहे, तो मुद्दा वेगळाच.

रिकॉलचा धोका त्याहून मोठा. परीक्षेतले प्रश्न आठवून सांगणं, मागणं किंवा त्यांवरून अभ्यास करणं परीक्षेच्या नियमांत स्पष्टपणे मना आहे. उघडकीस आलं तर निकाल रद्द होऊ शकतो आणि पुढे परीक्षा देण्यावर बंदी येऊ शकते. अर्जावर ‘निकाल रद्द’ असं लागलेला परदेशी पदवीधर कोणत्या कॉलेजला चालेल? शिवाय रिकॉल चांगलं शिकवतही नाहीत. पेशंट बॉक्समधला एक तपशील बदलला, पेनिसिलिनची ॲलर्जी काढली किंवा झडपेच्या जागी स्टेंट घातला, की उत्तर बदलतं. आठवून आणलेल्या प्रश्नात नेमका तोच तपशील गळालेला असतो.

क्लासबद्दल सरसकट बोलणं बरोबर नाही. भारतात संध्याकाळ आणि अमेरिकेत सकाळ अशा वेळेला झूमवर चालणारे अनेक वर्ग भारतीय दंतवैद्यच घेतात, आणि कॉलेज सोडून बरीच वर्षं झालेल्याला वेळापत्रकाची शिस्त त्यांतून मिळते. पैसे भरण्याआधी एक तास बसून पाहू द्याल का, हे विचारावं. ‘नेमके हेच प्रश्न येतात’ असं जिथे सांगितलं जातं, तिथून उठावं. परीक्षा घेणारं कमिशन कोणत्याही क्लासला मान्यता देत नाही.

निवड करायची कशी

सुरुवात पुस्तकाने न करता प्रश्नांनी करावी. अभ्यास न करता एक मिश्र मॉक द्यावी, वेळ लावून. गुण वाईट येतील. ते कोणाला दाखवायचे नाहीत. त्यावरून चार गट पाडावेत: येतं, विसरलंय, कधीच नीट कळलं नव्हतं, आणि भारतात शिकवलंच नव्हतं. विसरलेल्यासाठी व्हिडिओ आणि कार्डं. न कळलेल्यासाठी जाड पुस्तकातलं तेवढंच प्रकरण किंवा क्लास. न शिकवलेल्यासाठी कमिशन आणि असोसिएशनची कागदपत्रं. आणि सगळ्यावर रोज एकच क्वेश्चन बँक, शेवटपर्यंत. दोन बँका अर्ध्या-अर्ध्या करण्यापेक्षा एक पुरी करून तिच्यातले चुकलेले प्रश्न दुसऱ्यांदा सोडवणं केव्हाही चांगलं.

वर्गणी कधी घ्यायची, हाही निवडीचाच भाग. बहुतेक जण पहिल्या दिवशी उत्साहाने घेतात आणि पहिले दोन महिने व्हिडिओ पाहण्यात घालवतात. वर्गणी संपायला येते तेव्हा कुठे प्रश्नांना हात लागतो. मोफत साहित्यावर पाया ताजा करावा, अर्जासाठी पदवीच्या कागदपत्रांचं मूल्यांकन चालू असताना तेवढा काळ मिळतोच, आणि रोज तीन-चार तास सलग मिळू लागले की वर्गणी सुरू करावी. शेवटच्या टप्प्यात निदान एकदा दोन दिवसांची पूर्ण मॉक, सकाळी वेळेवर बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून द्यावी.

अभ्यासाला जोडीदार मिळाला तर तेही एक साधनच. पुण्यातली एक आणि डॅलसमधली एक, रोज अर्धा तास एकमेकींना केस वाचून दाखवतात, अशा जोड्या पुष्कळ आहेत. ‘सांग, हिला आधी काय देशील आणि का?’ या प्रश्नाला तोंडी उत्तर देताना ज्ञानातली भोकं लपत नाहीत. जोडीदार मात्र आपल्याच टप्प्यावरचा हवा. फार पुढचा असेल तर तो शिकवत राहतो, आपण ऐकत राहतो.

देश बदलला की

एक गैरसमज फार पसरलेला आहे: एका देशाची तयारी झाली की दुसऱ्याचीही होते. ज्यांना कॅनडा, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाचा पर्याय खुला ठेवायचा असतो ते सगळ्यांची साधनं एकत्र जमवतात. पायाभूत विषयांपुरतं ते चालतं. पण वरचाच कृत्रिम झडपेचा पेशंट घ्या. अमेरिकेत त्याला स्केलिंगआधी प्रतिजैविक देतात. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने 2008 पासून हृदयाच्या अंतःस्तराच्या संसर्गासाठी असं प्रतिजैविक सर्रास न देण्याची भूमिका घेतली आहे. कॅनडात दातांना पुन्हा एफडीआयचेच आकडे. म्हणून देश आधी ठरवावा, साधन मग.

भारतातही हा प्रश्न फार दिवस परका राहणार नाही. 2023 च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात बीडीएसच्या शेवटी नेक्स्ट (डेंटल) या समाईक परीक्षेची तरतूद आहे. व्यवसायाची नोंदणी आणि पदव्युत्तर प्रवेश दोन्ही तिच्याशी जोडले जायचे आहेत. ती आली की आपल्याकडेही क्वेश्चन बँका, क्लास आणि टेलिग्रामच्या फाइलींचा पूर येईल, आणि ‘काय वाचू?’ हा प्रश्न नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या प्रत्येक दंत महाविद्यालयात विचारला जाईल.

आयएनबीडीईसाठी पाच वर्षं किंवा पाच प्रयत्न अशी मर्यादा आहे. ती ओलांडली की वर्षातून एकदाच बसता येतं. जे उत्तीर्ण होतात त्यांच्याकडे धाकट्या बहिणी, मैत्रिणी, ज्युनियर साहित्य मागतात आणि ते मनापासून देतातही. त्यांना एक विनंती. परीक्षेतले प्रश्न देऊ नका. आपली चुकांची वही द्या. आणि वही असो की नोट्सची फाइल, पुढे पाठवण्याआधी पहिल्या पानावर साल लिहा.